घुबड, कासव, मधमाशी: ग्रीक नाण्यांवरचे प्राणी गोळा करायला सुरुवात करताना

कासव दिसलं की नाणं एजिना बेटाचं. घुबड दिसलं की अथेन्सचं. मधमाशी एफेससची, पंखवाला घोडा कॉरिंथचा. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात बंदरावर माल उतरवणाऱ्या माणसाला अक्षरओळख नसली तरी चित्रावरून पैसा कुठला हे कळायचं. ग्रीक लोक नाण्यांना चित्राच्याच नावानं ओळखत: अथेन्सची घुबडं, एजिनाची कासवं, कॉरिंथची शिंगरं.

नवख्या संग्राहकानं हेच सूत्र धरून चालावं. नाण्यावरचा प्राणी ही त्या शहराची सही आहे. पण नुसत्या सहीवर कुणी व्यवहार करत नाही. वजन, मागची बाजू, अक्षरं आणि धातू हे सगळं त्या सहीशी जुळावं लागतं. चित्र आवडलं म्हणून लगेच पैसे मोजले की फसगत ठरलेली. जुळवणी शिकून घेतली तर बेताच्या पैशांतही पाहणाऱ्याला थांबवणारा संग्रह उभा राहतो. पुढच्या पायऱ्या त्या जुळवणीच्याच आहेत.

## १. प्राण्यामागचं शहर ओळखा

प्राणी का निवडला याची कारणं वेगवेगळी असत, आणि कारण कळलं की नाणं लक्षात राहतं.

काही ठिकाणी नावावरचा श्लेष आहे. ग्रीक भाषेत सील या सागरी प्राण्याला 'फोके' म्हणतात, म्हणून फोकाया शहराच्या नाण्यांवर सील. 'लेओन' म्हणजे सिंह, म्हणून सिसिलीतल्या लेओन्तिनोईच्या नाण्यांवर सिंहाचं मुख. काही प्राणी देवतेचे आहेत: घुबड अथेनाचं, एफेससची मधमाशी आणि हरीण आर्टेमिसचं. काही ठिकाणी सरळ पोटापाण्याचा विषय दिसतो. मार्मारा समुद्रावरच्या किझिकोसच्या नाण्यांवर ट्यूना मासा असतो, कारण त्या सामुद्रधुन्यांतून या माशांचे थवे दरवर्षी जात आणि शहर त्यावर जगत असे. सिसिलीतल्या मेसानाच्या नाण्यांवर पळता ससा आहे. रेगियोनचा सत्ताधीश अनाक्सिलास यानं ससे सिसिलीत आणले, अशी ॲरिस्टॉटलच्या नावावर सांगितली जाणारी हकीकत आहे.

आता वजन. ग्रीक जगात एकच मापपद्धत नव्हती. हे डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं निसटतं. अथेन्सचं चार द्राख्मांचं नाणं, म्हणजे टेट्राड्राख्म, सुमारे १७.२ ग्रॅमचं, तिथला एक द्राख्म ४.३ ग्रॅम आणि ओबोल ०.७२ ग्रॅम. एजिनाचं स्टेटर, म्हणजे तिथलं मुख्य मोठं नाणं, सुमारे १२.२ ग्रॅम. कॉरिंथचं स्टेटर ८.६ ग्रॅमच्या आसपास. एफेससच्या मधमाशीचं टेट्राड्राख्म १५ ग्रॅमच्या जवळपास. म्हणजे कुणी 'अथेन्सचं घुबड, वजन १५.१ ग्रॅम' असं लिहिलं असेल तर तिथेच थांबायचं. ते नाणं एक तर आतून तांब्याचं आहे, नाही तर बनावट आहे, नाही तर फारच झिजलेलं किंवा गंजानं पोखरलेलं आहे. तिन्ही प्रकारांत मागितलेली किंमत चुकीचीच.

## २. सुरुवात छोट्या चांदीपासून करा

सगळ्यांना पहिलं नाणं अथेन्सचं घुबडच हवं असतं. ही ओढ समजण्यासारखी आहे. इसवी सनापूर्वी ४५४ ते ४०४ या काळात अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींच्या चांदीतून ती अफाट संख्येनं पाडली गेली आणि आजही बाजारात भरपूर दिसतात. पण त्याच नाण्याचे बनावट प्रकारही खूप आहेत, आणि पहिल्याच खरेदीत मोठी रक्कम अडकते. म्हणून आधी स्वस्त, सहज मिळणाऱ्या नाण्यांवर हात बसवा:

- थ्रेसमधल्या खेरसोनेसोसचं अर्धं द्राख्म: पुढच्या बाजूला मान वळवून पाहणारा सिंहाचा अर्धा देह, मागच्या बाजूला चार भागांत खोदलेला चौकोन, त्यात ठिपके आणि छोटी चिन्हं. वजन साधारण २.३ ते २.५ ग्रॅम.
- मिसिया प्रांतातल्या पारियोनचं अर्धं द्राख्म: एका बाजूला मान मागे वळवलेला बैल, दुसऱ्या बाजूला जीभ बाहेर काढलेलं गॉर्गन या सापांच्या केसांच्या राक्षसीचं तोंड. वजन वरच्यासारखंच.
- किझिकोसची चिमुकली चांदी: रानडुकराचा पुढचा अर्धा देह, त्याच्या पाठीमागे उभा ट्यूना, नाण्याच्या मागच्या बाजूला सिंहाचं मुख. काही तर मसुराच्या डाळीएवढी, अर्ध्या ग्रॅमहूनही कमी.
- मिलेटोसचं स्टेटरच्या बाराव्या भागाचं नाणं: सिंह आणि मागे चांदणीसारखं फूल, सुमारे १.१ ते १.२ ग्रॅम.
- इलिरियातल्या दिर्राखियोनचं द्राख्म: वासराला पाजणारी गाय. वजन साधारण ३ ते ३.४ ग्रॅम.

यातलं शेवटचं मराठी घरात लगेच आपलंसं होतं. गाय मान वळवून वासराकडे पाहते आणि वर अधिकाऱ्याचं नाव असतं. नावं बदलत राहतात, त्यामुळे एकाच चित्राची अनेक नाणी जमवण्यात खरी मजा आहे.

कांस्य हवं असेल तर इजिप्तच्या टॉलेमी राजांची गरुडवाली नाणी घ्या. काही ४० मिलिमीटरहून रुंद असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना मधोमध एक छोटा खळगा असतो. नवखे लोक तो कुणीतरी नंतर पाडलेला समजून नाणं नाकारतात. तो खळगा ठसा मारण्याआधी नाण्याची कोरी चकती तयार करतानाचाच आहे. सिराक्यूसची ऑक्टोपस असलेली छोटी कांस्य नाणीही सुरुवातीला उत्तम.

भारताशी जोडलेली शाखा इंडो-ग्रीक, म्हणजे वायव्य भारतात राज्य केलेल्या ग्रीक राजांच्या नाण्यांची. अपोलोडोटस पहिला याचं चौकोनी चांदीचं द्राख्म, सुमारे २.४ ग्रॅमचं: एका बाजूला हत्ती आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल आणि खरोष्ठी लिपीत 'महरजस अपलदतस त्रतरस'. अपोलोडोटस आणि मिनँडर यांची द्राख्म नाणी लेखकाच्या काळातही बरिगाझा म्हणजे भरूचच्या बाजारात चालतात, असं पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या सागरी प्रवासवर्णनात नोंदवलं आहे. त्याच वर्णनात सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरंही येतात. ग्रीक अक्षरं डोळ्यांत बसवायला दूर जायला नको. पश्चिम क्षत्रप राजा नहपान याच्या नाण्यांवर ती आहेत, आणि १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला त्याची १३,००० हून अधिक नाणी सापडली. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीचं नाणेसंग्रहालय, दोन्हीकडे आधी एक दिवस काढा.

विषय कसा आखायचा हा तुमच्या आवडीचा प्रश्न. 'सगळे बैल' हा मला सगळ्यात समृद्ध विषय वाटतो: पारियोन, थुरिऑइ, नेआपोलिसचा माणसाच्या तोंडाचा बैल, अपोलोडोटसचा वशिंडवाला. 'जे दिसेल ते' हा मात्र विषय नव्हे. दोन वर्षांनी डब्यात वीस नाणी असतात आणि एकाचंही दुसऱ्याशी नातं नसतं.

## ३. लागणारी साधनं

- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा. सोबत तपासणीचं वजन घ्या. स्वस्त काटे सहा महिन्यांत सरकतात.
- १० पट मोठं दाखवणारं भिंग. २० पटीचं घेऊ नका. एवढ्या जवळून नाण्याचा फारच छोटा तुकडा दिसतो आणि उजेडही अडतो.
- डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, शक्यतो प्लास्टिकच्या जबड्यांचा. लोखंडी जबडा चांदीवर ओरखडा उमटवतो.
- एका बाजूनं उजेड टाकता येईल असा वाकवता येणारा दिवा.
- जाड, मऊ कापड. नाणं नेहमी त्याच्यावर धरून पाहा. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते; फरशीवर पडली तर काचेसारखी दुभंगते.
- पाण्याचा छोटा ग्लास आणि बारीक दोरा. याचा उपयोग पुढे येतो.

हातमोज्यांची गरज नाही. सुती मोज्यांतून नाणं निसटतं. हात धुऊन, कोरडे करून, नाणं कडेनं धरा.

## ४. नाणं पाहण्याचा क्रम

एजिनाचं कासव घेऊन हा क्रम पाहू, कारण या एका नाण्यात जवळजवळ सगळं शिकता येतं.

हातावर ठेवल्यावर पहिली जाणीव जाडीची होते. रुंदी जेमतेम २० मिलिमीटर, पण ढेकळासारखं जाड. काट्यावर १२.२ ग्रॅमच्या आसपास हवं. झिजलेलं असेल तर थोडं कमी चालेल. जास्त असेल तर शंका घ्या.

मग पुढची बाजू. सुरुवातीच्या नाण्यांवर समुद्री कासव आहे: वल्ह्यासारखे पाय, गुळगुळीत पाठ, पाठीच्या मधोमध ठिपक्यांची ओळ. पुढच्या टप्प्यात मानेजवळ आडवे ठिपके वाढतात. पाचव्या शतकाच्या मध्याला समुद्री कासव जाऊन जमिनीवरचं कासव येतं. त्याच्या पाठीवर खवल्यांचे स्पष्ट चौकोन आणि पायांना बोटं असतात.

नंतर नाणं उलटा. मागे चित्र नाही, नुसता दाबलेला चौकोन. जुन्या नाण्यांत तो बऱ्याच त्रिकोणी खळग्यांचा, पवनचक्कीच्या पात्यांसारखा. नंतरच्या नाण्यांत जाड तिरक्या पट्ट्यांनी पाच भागांत कापलेला. आता जुळवा. पुढे जमिनीवरचं कासव आणि मागे जुना पवनचक्कीचा चौकोन असेल, तर दोन वेगळ्या काळांतल्या बाजू कुणीतरी एकत्र केल्या आहेत. ही चूक बनावट नाण्यांत दिसते, आणि ती पकडायला यंत्र लागत नाही.

आता झीज. कासवाची पाठ सगळ्यात उंच, म्हणून ती आधी झिजते. डोकं आणि पाय खोलात असल्यामुळे टिकतात. पाठ झिजलेली आणि पाय स्पष्ट, हे नैसर्गिक. पाठ, पाय, चौकोनाच्या कडा सगळंच सारखं मऊ आणि साबणाच्या वडीसारखं दिसत असेल तर ते ठसा न मारता साच्यात ओतलेलं बनावट नाणं आहे. पाठीवर छोटे छोटे ठसे दिसले तर घाबरू नका. सराफांनी तपासून मारलेल्या खुणा आहेत त्या. अथेन्सच्या घुबडांवर छिन्नीचा घाव दिसतो तोही तसाच. आत तांबं तर नाही ना, हे इजिप्त आणि पूर्व भूमध्य प्रदेशातले लोक असं पाहत. घावामुळे किंमत उतरते आणि आतला धातू फुकट पाहायला मिळतो. शिकणाऱ्यासाठी हा सौदा चांगला.

शेवटी कड. ठसा मारताना चकती पसरते आणि कडेला चिरा जातात. खऱ्या चिरा धारदार, खोल आणि वेड्यावाकड्या असतात. ओतलेल्या नाण्यात त्या उथळ आणि गोलसर ओठांच्या असतात. कडेला सगळीकडून फिरणारी एक सरळ रेघ, किंवा ती घासून काढल्याच्या कानसखुणा, म्हणजे साच्याचा सांधा.

विकत घेताना आणखी एक गोष्ट पाहायची: प्राणी चकतीवर पूर्ण बसला आहे का? चकती ठशापेक्षा लहान असे आणि कारागीर हातानं घण मारत. त्यामुळे घुबडाचे पाय, बैलाचं नाक, मधमाशीचा पंख बाहेर राहून जातो. झीज थोडी जास्त चालेल, पण प्राण्याचं डोकं कापलेलं नाणं पुन्हा विकणं कठीण जातं.

अथेन्सच्या घुबडाची जुळवणी थोडक्यात: पुढे अथेनाचं मुख, शिरस्त्राणावर ऑलिव्हची पानं, चेहरा बाजूनं दिसत असूनही डोळा समोरून पाहिल्यासारखा बदामी. मागे उजवीकडे वळलेलं, तोंड आपल्याकडे केलेलं घुबड. डावीकडे वर ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर. उजवीकडे अल्फा, थीटा, एप्सिलॉन ही तीन अक्षरं. त्यातली थीटा म्हणजे मधोमध ठिपका असलेलं वर्तुळ. डोळा खऱ्याखुऱ्या बाजूच्या दृश्यासारखा कोरलेला असेल तर नाणं पुढच्या, चौथ्या शतकातलं. कॉरिंथच्या पंखवाल्या घोड्याखाली कॉप्पा हे जुनं अक्षर शोधा: काठीवर बसवलेला गोळा.

## ५. पाण्यातलं वजन

तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी प्राचीन काळातही बनत. ती ओळखायला घनतेची चाचणी पुरते.

ग्लासात पाणी घेऊन काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं लटकवा. काट्यावर जो आकडा दिसेल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा.

१२.२० ग्रॅमच्या कासवासाठी शुद्ध चांदीचा आकडा १.१६ येतो, कारण चांदीची घनता १०.४९. शुद्ध तांब्याचा १.३६ येईल, कारण त्याची ८.९६. थोडी भेसळ प्राचीन चांदीत असतेच, म्हणून १.१६ ते १.२० पर्यंत काळजी नाही. १.२५ च्या पुढे गेलं तर आत काहीतरी आहे.

दोन ठिकाणी ही चाचणी फसवते. नाण्याच्या खळग्यात हवेचे बुडबुडे अडकले तर आकडा वाढतो. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका आणि नाणं हलवून बुडबुडे काढा. दुसरं, अर्ध्या ग्रॅमच्या ओबोलवर ही चाचणी करूच नका. आकडा ०.०५ येतो आणि काट्याची एका अंकाची चूक म्हणजे २० टक्क्यांची चूक. आणि घनता बरोबर आली म्हणजे नाणं खरं ठरलं असंही नाही. चांगल्या चांदीत आजही बनावट नाणी पाडली जातात.

## ६. बनावट नाणी कुठून येतात

ओतलेली बनावट नाणी पकडणं सोपं आहे, ते वर आलंच. अवघड आहेत ती नव्या ठशांनी पाडलेली. जर्मनीच्या कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०) यानं ग्रीक नाण्यांचे ठसे इतक्या कौशल्यानं कोरले की त्याची नाणी मोठमोठ्या संग्रहांत शिरली. १९८८ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या अपोलोनिया आणि मेसेंब्रियाची छोटी चांदीची नाणी ढिगानं बाजारात आली. ती खरी की खोटी यावर जाणकारांमध्येच वाद झाला आणि शेवटी ती आधुनिक ठरली. तेव्हा 'मला दिसतं ना' या विश्वासावर राहू नका. खेरसोनेसोसचे सिंह आणि इस्त्रोसची डॉल्फिनवर बसलेल्या गरुडाची नाणी स्वस्त असूनही त्यांच्या नकला बाजारात आहेत. स्वस्त नाण्याची नकल कोण करेल, हा समज सोडून द्या.

यावरचा उपाय म्हणजे ठसे जुळवणं. एकाच ठशाची दोन खरी नाणी सारखी दिसतात, पण त्यांच्या चिरा, कडा आणि चित्राची जागा वेगळी असते. दोन नाण्यांची कडसुद्धा तंतोतंत सारखी असेल, तीच चीर त्याच जागी असेल, तर दोन्ही एकाच साच्यातून आली आहेत किंवा एक दुसऱ्यावरून काढलं आहे. यासाठी एसीसर्च या लिलावांच्या संग्रहात आणि अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या मँटिस या ऑनलाइन सूचीत त्याच प्रकारची पन्नास तरी नाणी पाहा. पन्नास घुबडं पाहिल्यावर एकावन्नावं खोटं घुबड डोळ्याला खुपायला लागतं. हा सराव पुस्तकांपेक्षा आणि यंत्रांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

कांस्य नाण्यांत वेगळा धोका. नाणं खरं असतं, पण झिजलेला प्राणी कुणीतरी बारीक छिन्नीनं पुन्हा कोरलेला असतो. भिंगाखाली पिसं किंवा आयाळ यांच्या रेघा नाण्याच्या सपाट भागात ओरखडल्यासारख्या, धारदार आणि भोवतालच्या हिरव्या थराला कापून गेलेल्या दिसल्या की नको म्हणा.

## ७. विक्रेता आणि लिलाव

चांगल्या विक्रेत्याची खूण: नाणं खोटं निघालं तर मुदतीच्या बंधनाशिवाय पैसे परत, हे लेखी, वजन आणि व्यास दिलेला, दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो, आणि नाणं आधी कोणत्या संग्रहात किंवा लिलावात होतं याची नोंद. वजनच दिलेलं नसेल तर पुढे वाचू नका.

लिलावात बोली जिंकली ती अंतिम किंमत नव्हे. त्यावर लिलावगृहाचं शुल्क असतं, बहुतेक ठिकाणी २० टक्क्यांच्या आसपास. नेमका आकडा अटींत असतो. समजा १०० युरोला बोली लागली, तर १२० युरो, वर टपाल आणि विमा, वर चलन बदलण्याचा बँकेचा खर्च, वर सीमाशुल्क. बोली लावण्याआधी हा हिशेब कागदावर करा आणि वरची मर्यादा लिहून ठेवा. लिलावाच्या शेवटच्या मिनिटात माणूस स्वतःचं ऐकत नाही.

पारदर्शक डब्यात सीलबंद केलेल्या नाण्यांवर दर्जा लिहिलेला असतो. एनजीसी ही कंपनी ठशाला आणि पृष्ठभागाला ५ पैकी वेगवेगळे गुण देते. त्यात पृष्ठभागाचे गुण आधी पाहा: ५ पैकी २ म्हणजे गंज, खरवड किंवा जबर साफसफाई. डब्यातल्या नाण्याची कड नीट दिसत नाही, हे लक्षात असू द्या.

सहलीला तुर्कस्तान, ग्रीस किंवा इटलीला गेलात आणि अवशेषांजवळ कुणी खिशातून नाणी काढून दाखवली, तर ती हातात घेऊ नका. खोटी असतील तर पैसे गेले. खरी असतील तर विमानतळावर अटक होऊ शकते.

## ८. कायदा आणि कागदपत्रं

भारतात राहणाऱ्यांनी दोन कायदे माहीत करून घ्यावेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. दुसरा १८७८ चा निखात निधी कायदा: जमिनीत १० रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून 'शेतात सापडलं' असं सांगून कुणी नाणं विकायला आणलं, तर चांगल्या कागदांशिवाय ते घेऊ नका.

पहिल्या कायद्यातून एक मोठा सापळा तयार होतो आणि त्याचा विचार फार थोडे लोक आधी करतात. परदेशातून मागवलेलं नाणं एकदा भारतात आलं की ते परत पाठवता येत नाही. म्हणजे विक्रेत्याची 'पैसे परत' ही हमी तुमच्यासाठी जवळजवळ कागदावरच राहते. त्यामुळे शंका असेल ती नाणं निघण्यापूर्वी मिटवा: जादा फोटो मागा, कडेचा फोटो मागा, काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो मागा. महागडं नाणं तिकडेच तिसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या.

आयातीसाठी सीमाशुल्काचं शीर्षक ९७०५ आहे. १०० वर्षांहून जुन्या नाण्यांसाठी ९७०५.३१. विक्रेत्याला पावतीवर तोच क्रमांक, नाण्याचं पूर्ण वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा. 'भेटवस्तू' किंवा कमी किंमत लिहून पाठवण्याची तयारी तो दाखवेल. स्पष्ट नकार द्या. पार्सल अडकलं की माल जप्त होतो, हरवलं तर विमा त्या लिहिलेल्या किमतीचाच मिळतो. अनेक कुरियर कंपन्या नाणी घेतच नाहीत, हेही आधी विचारा. शुल्काचे दर बदलतात, ते मागवण्याच्या आठवड्यात तपासा.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- विक्रेत्याची पावती, नाण्याच्या फोटोसह
- लिलावाच्या पानाची छापील प्रत आणि लॉट क्रमांक
- आधीच्या मालकीचे पुरावे, जुनी तिकिटं, पाकिटं
- पैसे पाठवल्याची बँकेची नोंद, पॅन कार्ड
- कुरियरसाठी ओळख आणि पत्त्याचा पुरावा
- सीमाशुल्क भरल्याची पावती

अमेरिकेत असाल तर तिथे ठरावीक देशांच्या प्राचीन नाण्यांच्या आयातीवर बंधनं आहेत: सायप्रस २००७ पासून, इटली आणि ग्रीस २०११ पासून, बल्गेरिया २०१४ पासून, तुर्कस्तान २०२१ पासून. नाणं त्या तारखेआधीच मूळ देशाबाहेर होतं याचा कागद तिथे सोन्याच्या मोलाचा ठरतो. युरोपीय संघाचे सांस्कृतिक वस्तूंच्या आयातीचे नवे नियम २८ जून २०२५ पासून पूर्ण लागू आहेत.

## ९. नोंद

प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या आणि वहीत एक पान. शहर, काळ, मूल्य, धातू, वजन, व्यास, दोन्ही बाजूंच्या ठशांची दिशा, सूचीतला संदर्भ, कुणाकडून, कधी, किती रुपयांत. ठशांची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहितात: पुढचं चित्र सरळ धरून नाणं उभ्या अक्षाभोवती फिरवा, मागच्या चित्राचा माथा वर असेल तर १२, खाली असेल तर ६. जुनं तिकीट आलं असेल तर ते नाण्यासोबतच राहू द्या, कितीही मळलेलं असलं तरी. त्यावरच्या हस्ताक्षरावरून नाणं पन्नास वर्षांपूर्वी कुणाकडे होतं हे ठरू शकतं.

## १०. ठेवणं आणि पावसाळा

चिंच, लिंबू, राख, पितळेची भांडी घासायची पूड, दात घासायची पेस्ट: यातलं काहीही नाण्याला लावू नका. चांदीवरचा काळसर थर हा तिचं संरक्षण आहे. तो घासून काढलेलं नाणं जाणकार पाचव्या सेकंदाला ओळखतो. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात काही दिवस भिजत ठेवा, पाणी रोज बदला, आणि मऊ कापडावर टिपून घ्या, पुसू नका.

मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात. त्यातून वर्षभरात हिरवट चिकट थर सुटतो. तो शुद्ध ॲसिटोननं निघतो. काम उघड्या खिडकीजवळ आणि आगीपासून लांब करा. मायलरची कडक पाकिटं किंवा आम्लरहित कागदाची पाकिटं वापरा. रबरबँड नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. सागवानी कपाटापेक्षा लोखंडी कपाट बरं. ओक लाकडाचे ट्रे तर अजिबात नको, त्यातून आम्लाची वाफ सुटते.

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हा कांस्य नाण्यांसाठी वाईट काळ. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, डब्यात आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ४० टक्क्यांच्या खाली राहील असं पाहा. पुड्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतात. दर पंधरा दिवसांनी कांस्य नाणी भिंगाखाली घ्या. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर असेल तर काही करायचं नाही. फिकट हिरवी, टोचणीनं सुटणारी पूड दिसली तर तो क्लोराइडचा रोग आहे आणि तो नाणं आतून खातो. नाणं त्याच क्षणी बाकीच्यांपासून वेगळं करा. लाकडी काडीनं पूड काढा आणि नाणं पाच टक्के सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात ठेवा. द्रावण दर आठवड्याला बदला. काही आठवड्यांनी डिस्टिल्ड पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, आणि पुढचा सबंध पावसाळा ते वेगळ्याच डबीत ठेवा. ऑक्टोबरमध्ये पूड पुन्हा दिसली नाही, तरच ते आपल्या जागेवर परत जाईल.